आमचं बचत मंडळ, मुंबई शाखेसह

आमच्या घरात माणसं पाच. मी चिमा, माझा नवरा, सून नम्रता, नात वेदिका आणि मुंबईत कामाला असलेला मुलगा दीपक. या पाच माणसांना चार पैसे साठवायचे होते, म्हणून आमच्या घरी मंडळ स्थापन झालं.

बाहेरच्या माणसाला याचं नवल वाटेल. आमच्या हातखंब्याच्या बाजूला कुणाला वाटलं नाही. आमच्याकडे प्रत्येक वाडीचं मंडळ असतं आणि त्या मंडळाची मुंबई शाखा असते. विहिरीला कठडा बांधायचा तरी आधी मंडळ लागतं. आणि एकदा मंडळ झालं की कठडा राहिला तरी चालतो.

माझ्या नवऱ्याचं नाव महिपत. पण सगळी वाडी त्यांना अध्यक्ष म्हणायची, म्हणून मीही तेच लिहिते. वाडीच्या मंडळाचे ते वीसेक वर्षं अध्यक्ष होते. मग एका शिमग्याच्या सभेत विनोदने त्यांना पाडलं. या विनोदला यांनीच बोट धरून चिटणीस केलं होतं. पद गेलं आणि माणूस घरात आला. आमच्या घराला त्याची सवय नव्हती. दिवसभर ओटीवर बसायचे, रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारायचे, आणि तो थांबला की त्याला म्हणायचे, "बोला, काय विषय?"

त्याच वर्षी गणपती आटपून दीपक मुंबईला गेला आणि चारच दिवसांत मी परसातल्या पायऱ्यांवरून घसरले. आमचा संडास घरामागे, उताराच्या तळाला. पायऱ्या जांभ्या दगडाच्या. पावसाळ्यात त्यांच्यावर असं शेवाळ चढतं की कोंबडीसुद्धा विचार करून पाय टाकते. हाड मोडलं नाही, पण गुडघा भोपळ्यासारखा सुजला. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडाला धरून बघितला आणि सांगितलं, "आजी, उकिडवं बसणं आता बंद. खुर्चीसारखा संडास करून घ्या, तोही घराला लागून. पुढच्या पावसात त्या पायऱ्या उतरायच्या नाहीत. पुन्हा पडलात तर कायमच्या खाटेवर."

घरी आल्यावर मी संध्याकाळचा चहा सोडला. पाणीही मोजून प्यायला लागले. हे वाचणाऱ्या बायकांना कारण सांगायला नको.

धाकू गवंडी आला. पडवीच्या कोपऱ्यात काठीने माप घेतलं, कान खाजवला आणि म्हणाला, "काकी, चाळीस हजाराच्या खाली नाय येत. भांडं, टाकी, पाइप, दगड, मजुरी. सगळं महाग हाय."

चाळीस हजार घरात नव्हते. दीपक दर महिन्याला फोनवरून पंधरा हजार पाठवायचा आणि ते महिनाअखेर कुठे जायचे ते कुणालाच कळायचं नाही. नम्रता चपात्या लाटत होती. लाटतालाटताच म्हणाली, "ह्यांचे पैसे आले की आधी पोस्टात चार हजार टाकू. दुकानात मागनं जाऊ. उरतील त्यात घर चालवायचं. पावसाच्या आत होऊन जाईल."

एवढं बोलायला तिला एका चपातीचा वेळ लागला. मला ते पटलं. पण अध्यक्षांनी ओटीवरून विचारलं, "टाकू म्हंजे कोण टाकणार? कुठल्या अधिकारात?"

"मी टाकीन की, बाबा."

"तू टाकशील. हिशोब कोण मागणार? घटना हाय? सभासद हायत? अशानंच लोकांच्या घरात पैसा ऱ्हात नाय."

दीपकला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, पाचच तर माणसं आपण. मंडळ कशाला?"

"पाच हायत तेच बरं. कोरम लगेच होईल."

त्या रात्री अध्यक्ष कितीतरी महिन्यांनी दोन वेळा भात मागून जेवले. मला वाटलं, चला, निदान माणूस तरी बरा झाला. माझ्या हातून चूक झाली ती इथेच.

पहिल्या रविवारी ओटीवर स्थापना झाली. अध्यक्ष तेच. वेदिका रत्नागिरीला कॉलेजात कॉमर्स शिकते म्हणून ती चिटणीस. नम्रता खजिनदार, पण पैसे काढायला अध्यक्षांची सही लागणार. मी सल्लागार. सल्लागार म्हणजे ज्याला सभेला बोलवायचं असतं आणि विचारायचं काही नसतं. दीपक नालासोपाऱ्याला तिघांबरोबर एका खोलीत राहतो, तो झाला मुंबई शाखा. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि कार्यकारिणी सदस्य, चारही तोच. त्याला निरोप मात्र ‘मुंबई शाखेच्या सर्व पदाधिकाऱ्यांस’ असा जायचा. तो वाचून तो बिचारा खोलीतल्या तिघांकडे बघत असेल.

वर्गणी माणशी महिन्याला पाचशे ठरली. पाचही जणांची वर्गणी दीपकच्याच पैशातून. म्हणजे एकाच खिशातून पैसे यायचे आणि पावत्या पाच फाटायच्या.

पावत्यांसाठी अध्यक्ष रत्नागिरीला छापखान्यात गेले. एक पुस्तक छापून मिळत नव्हतं, दहा घ्यावी लागत होती. पंचवीस घेतली तर दर कमी पडत होता. अध्यक्षांनी बचत म्हणून पंचवीस आणली. प्रत्येकात शंभर पावत्या. गावातल्या कोंबड्या-मांजरांना सभासद करून घेतलं असतं तरी त्या संपल्या नसत्या. सोबत रबरी शिक्का आला. आणि बॅनर आला. त्यावर अध्यक्ष मोठे, खाली दीपक गॉगल लावून, आणि कोपऱ्यात मी. माझा फोटो आधार कार्डावरचा घेतला होता, त्यामुळे मी नुकतीच पकडली गेल्यासारखी दिसत होते. खाली लिहिलं होतं, ‘शुभेच्छुक: मुंबई शाखा’. तो बॅनर रस्त्याकडच्या आंब्याला बांधला. येणारे-जाणारे दाराशी येऊन विचारायचे, "काकी, कर्ज मिळतं काय हितं?"

दर रविवारी सभा. उशिरा येणाऱ्याला दहा रुपये दंड. मला चुलीपासून ओटीपर्यंत भिंत धरून यायला वेळ लागायचा, म्हणून दर रविवारी दंड मलाच बसायचा. संडास माझ्यासाठी आणि त्याच्यासाठी दंड भरणारीही मीच. सभेला चहा-चिवडा असायचा, तो खर्च मंडळाचा. चहाशिवाय सभा झाली तर ती बेकायदेशीर, असं अध्यक्षांचं मत होतं.

सभेत ठराव व्हायचे. नम्रता पहिल्यापासून एकाच कुकरात डाळ-भात लावते. त्याचा ठराव झाला आणि त्याबद्दल अध्यक्षांच्या अभिनंदनाचाही ठराव झाला. रिकाम्या खोलीतला दिवा बंद करावा असा ठराव झाला. तो होईपर्यंत रिकाम्या खोलीत दिवा चालू होता, कारण सगळे सभेत बसले होते.

सगळ्यात मोठा ठराव मासळीचा. मासळी घेण्याआधी तीन ठिकाणचे दर लेखी घ्यायचे आणि सभेत ठेवायचे. आमच्याकडे बंदरावरनं एक मासेवाली स्कूटरवर येते. ती आली तेव्हा अध्यक्ष वही घेऊन अंगणात उभे.

"बांगडा कसा?"

"शंभराला सहा."

"लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"दर. अजून दोन दर यायचेत. रविवारी सभेत ठेवतो, मंजूर झालं तर कळवतो."

मासेवालीने माझ्याकडे बघितलं. "काकी, ह्यांना बरं नाय काय?"

"बरं हाय गो. अध्यक्ष हायत."

"असं होय. मग रविवारपर्यंत बांगडा कुठं ठेवू, ह्यांच्या कपाटात?" तिने स्कूटर वळवली आणि पुढे दोन आठवडे आमच्या अंगणात आलीच नाही.

शेवटी अध्यक्ष दुसरा आणि तिसरा दर आणायला रिक्षा करून हातखंब्याला गेले. तिथे बांगडा शंभराला सात मिळाला. उन्हातून आणलेला तो बांगडा घरात आला तेव्हा फक्त मांजर खूश झालं. बचतीत एक बांगडा जमा धरला. रिक्षाचं भाडं ‘प्रवास’ खाली गेलं.

असे महिने गेले. दीपकचे पैसे यायचे, पावत्या फाटायच्या, शिक्के बसायचे. पडवीचा कोपरा धाकूने काठीने आखून ठेवला तसाच होता. मी दिवसातून दोनदाच खाली जायचे, एका हाताने नम्रताला धरून आणि दुसऱ्या हाताने पेरूची फांदी. थंडीत पायऱ्या कोरड्या असतात, त्यामुळे निभावलं. पण प्रत्येक वेळी खाली पोचले की डोक्यात एकच यायचं. आता पाऊस किती लांब आहे?

शिमग्याला दीपक आला आणि वार्षिक सर्वसाधारण सभा भरली. अध्यक्षांनी मुंबई शाखेचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. शाल घेताना दीपक माझ्याकडे बघत नव्हता, कारण तिचे पैसे कुठून आले ते त्याला ठाऊक होतं. मग वेदिकाने जमाखर्च वाचला. जमा वर्गणी, जमा दंड. मग छपाई, शिक्का, बॅनर, चहा-चिवडा, प्रवास, सत्कार, किरकोळ, पुन्हा किरकोळ. वाचताना तिचा आवाज बारीक होत गेला.

"शिल्लक चार हजार दोनशे," ती म्हणाली आणि कागद खाली ठेवला.

"शून्यातून चार हजार!" अध्यक्ष म्हणाले. "टाळ्या होऊ देत."

दीपकने सवयीने दोनदा टाळी वाजवली आणि नम्रताचा चेहरा बघून हात शालीखाली घेतले.

"पुढच्या वर्षी आपण स्मरणिका काढू," अध्यक्ष पुढे म्हणाले. "जाहिराती मिळतील."

"संडासाचं काय?" मी विचारलं.

"तो ऐन वेळच्या विषयांत घेऊ."

"माझ्यावर ऐन वेळ रोज येते. आत्ता घ्या."

"सल्लागारांनी मध्ये बोलायचं नसतं."

मी वेदिकाला विचारलं, "चिटणीसबाई, कमिटीची मुदत किती?"

तिने वही उघडली. "एक वर्ष किंवा वार्षिक सभा, जे आधी येईल ते. आजोबांनीच लिहिलंय."

"म्हंजे संपली."

"संपली, आजी."

"मग निवडणूक लावा."

अध्यक्ष हसले. "लावायची कशाला? बिनविरोध करून टाकू."

"मी उभी हाय."

बाहेर शिमग्याच्या खेळ्यांचा ढोल वाजत होता. अध्यक्षांनी चष्मा काढला. "तू? अध्यक्षपदाला उभी ऱ्हाणार? ह्या गुडघ्यानं?"

"उभं ऱ्हायला डॉक्टरानं मना केलेलं नाय. बसायला केलंय."

वेदिकाने हात वर करायला सांगितले. नम्रताचा हात पहिला गेला, पीठ लागलेला. वेदिकाचा गेला. माझा गेला. दीपकचा हात कानापर्यंत आला आणि तिथेच कान खाजवत राहिला.

"मुंबई शाखा तटस्थ," तो म्हणाला.

"तटस्थ हात खाली घे. दिसतोय," त्याचा बाप म्हणाला. मग आमच्या तिघींकडे बघून ते म्हणाले, "गट पाडलात. घरात गट पाडलात. विनोदनं तरी वेगळं काय केलं?"

मला वाईट वाटलं. पण पायऱ्या आठवल्या आणि वाईट वाटणं थांबलं. मी पहिला आणि शेवटचा ठराव मांडला. दीपकचे पैसे आले की नम्रताने आधी पोस्टात चार हजार टाकायचे. त्याला सही नको, शिक्का नको. सभा बंद, पावत्या बंद, चिवडा बंद. कामावरचा चहा फक्त धाकूला, आणि तोही काम सुरू झाल्यावर. चुलीवर चढवलेल्या चहाला उकळी यायच्या आत सभा संपली. वाडीतली ती सगळ्यात लहान सभा असावी.

पण चाळीस हजार कुठून आणायचे? नम्रता आणि मी परसात दोन खेपा घातल्या. आमचा गुरांचा गोठा रिकामा होता. गुरं विकली तेव्हापासून त्यात फक्त मोडक्या खुर्च्या आणि अध्यक्षांच्या जुन्या पुष्पगुच्छांच्या टोपल्या होत्या. भिंती चांगल्या चिऱ्याच्या. धाकूला बोलावलं. त्याने एक चिरा ठोकून बघितला.

"काकी, हा गोठा उतरवला तर दगड घरचा, कौलं घरची. टाकी खालचीच वापरू, वरनं पाइप सोडतो. अर्ध्यावर येईल."

"हे तू तवाच का नाय बोललास?"

"तवा विचारलात कुठं? तवा मला निस्ता आकडा विचारलात."

चैत्र-वैशाखात आमच्याकडे लग्नं लागतात आणि प्रत्येक लग्नाला घरातली सगळी माणसं रिक्षा करून जातात. त्या वर्षी दर लग्नाला एकच माणूस गेला, एसटीने. आहेर जेवढा द्यायचा तेवढा दिला, पण साडी-टोप्या न करता पाकिटात. काजूची बी विकून आलेले पैसे दुकानाच्या उधारीत न जाता पोस्टात गेले. तेल-डाळ शेजारच्या दोन घरांबरोबर मिळून एकदम आणली. दीपक मे महिन्यात येताना दरवर्षी खोके भरून मिठाई आणि कुणालाच न होणारे कपडे आणतो. त्याला मी फोनवर सांगितलं, "तू ये. खोका नको."

"आये, लोक काय म्हणतील?"

"लोक कुठं जातात ते मला ठाऊक हाय. त्यांचा घराला लागून हाय."

इकडे माजी अध्यक्ष पुन्हा ओटीवर बसले होते. बोलत नव्हते, जेवताना ताटाकडे बघत. आठवडाभर मी ते सोसलं. मग एक दिवस त्यांना म्हटलं, "बांधकाम समितीला अध्यक्ष पाहिजे."

त्यांनी मान वर केली. "समितीत कोण कोण?"

"तुम्ही."

"आणि?"

"तुम्हीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून धाकूच्या डोक्यावर उभे राहिले. ओळंबा धरताना सूचना, सिमेंट कालवताना सूचना. बॅनर आंब्यावरून काढून सिमेंटच्या पोत्यांवर टाकला होता, त्याच्या घड्या मात्र त्यांनी स्वतः घातल्या. धाकू मला म्हणाला, "काकी, अध्यक्ष नसते तर दोन दिवस आधी झालं असतं. पण माणूस मन लावून उभा ऱ्हातोय, मला काय बोलवत नाय."

मे संपत आला आणि समुद्राकडून ढग यायला लागले. भांडं बसलं होतं, पाइप यायचा होता. पाइपवाला आज-उद्या करत होता. माझी रोज सकाळी आभाळाकडे नजर. एक दिवस माजी अध्यक्ष काही न बोलता उठले, हातखंब्याला गेले आणि संध्याकाळी टेम्पोत पाइपांबरोबर बसून आले. दुकानदाराच्या दारात बसून राहिले होते म्हणे, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला विषय समजावून सांगत होते. दुकानदाराने कंटाळून पाइप आधी दिले. वीस वर्षांच्या सभांचा एवढा उपयोग झालेला मी पहिल्यांदाच बघितला.

काम पुरं झालं. पांढरंशुभ्र भांडं, बाजूला धरायला लोखंडी दांडा, वर घरचीच कौलं. धाकू म्हणाला, सिमेंट सुकू दे, चार दिवस कुणी आत जायचं नाही. चार दिवस मी दारावरून हात फिरवून पायऱ्या उतरत होते.

पाचव्या दिवशी सकाळी बघते तर अंगणात मांडव, खुर्च्या, भोंगा. दाराला लाल फीत.

"हे काय?" मी विचारलं.

"उद्घाटन," बांधकाम समिती म्हणाली. "विनोदला बोलावलंय. प्रमुख पाहुणा. त्यालाही दिसू दे की पद गेलं तरी काम कसं होतं."

सुट्टीला आलेला दीपक म्हणाला, "आये, होऊ दे ना. अर्ध्या तासाचा प्रश्न हाय."

मी होऊ दिलं. त्या दिवशी सकाळी मी किती महिन्यांनी पोटभर चहा प्यायले होते. दोन कप. आता कुणाला भ्यायचं, अशा हिशोबाने.

दहाची वेळ होती. वाडी खुर्च्यांवर येऊन बसली. विनोद आला नाही. अकरा वाजले. माजी अध्यक्ष माईकवर प्रास्ताविक करत होते आणि ते मंडळाच्या स्थापनेपासून सुरू झालं होतं. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं, गळ्यात हार घालून. मी दीपकला खुणेने जवळ बोलावलं.

"पाव्हणा कुठं हाय?"

"हातखंब्याला एका दुकानाचं उद्घाटन हाय. तिथनं निघतोय."

"निघतोय का निघाला?"

"निघेल."

मी परसाकडे बघितलं. रात्री एक सर पडून गेली होती आणि जुन्या पायऱ्यांवर ओल दिसत होती. मी हार काढून खुर्चीवर ठेवला. काठी घेतली. माईकवर ‘अथक परिश्रम’ चालले होते. मी पडवी चढले, फीत एका हाताने वर केली, तिच्याखालून आत गेले आणि आतून कडी घातली.

बाहेर भाषण थांबलं. खुर्च्या हलल्याचा आवाज आला. कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला दटावलं. नम्रताचा आवाज आला, "बाबा, आता काय ते बोला." भोंगा खरखरला.

मग भोंग्यातून आमच्या ह्यांचा आवाज आला, सभेतला, भरदार. "मंडळी, कळवण्यास आनंद होतो की मंडळाच्या अध्यक्षा श्रीमती—" ते थांबले. आयुष्यात कधी चारचौघांत माझं नाव घेतलं नव्हतं. "सौभाग्यवती चिमा यांच्या शुभहस्ते उद्घाटन... सध्या संपन्न होत आहे."

टाळ्या वाजल्या. चांगल्या वाजल्या. दीपकच्या त्यात होत्या, ते मला ओळखू आलं. मी दांडा धरून बसले होते, गुडघा दुखत नव्हता, आणि मला कसलीच घाई नव्हती.